औषध देणाऱ्या हाताला थांबू द्या, विचारू द्या

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनो आणि मुलांनो, त्यांना वॉर्डात घडवणाऱ्या सिस्टर्स, डॉक्टर मंडळी, रुग्णालयं चालवणारे विश्वस्त आणि अधिकारी, आणि ज्यांच्या घरचं माणूस आज खाटेवर आहे असे सगळे वाचकहो,

हे आवाहन तातडीचं आहे. शिरेतून गेलेलं औषध परत काढता येत नाही, म्हणून ज्या चुकीबद्दल मी बोलणार आहे ती उद्या सुधारू म्हणून भागत नाही. ती आज, पुढच्या औषधाच्या वेळेआधीच टाळावी लागते.

डॉक्टर औषध लिहितात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. फार्मसीतून ते वॉर्डात येतं. त्यानंतर त्या औषधाकडे नीट पाहणारी शेवटची व्यक्ती म्हणजे ड्युटीवरची सिस्टर, आणि पुष्कळदा तिच्या सांगण्यावरून ते भरणारी, देणारी एखादी विद्यार्थिनी. अक्षर चुकीचं वाचलं गेलं असेल, चुकीची व्हायल वर आली असेल, डोस दुप्पट लिहिला गेला असेल, तर ते पकडायची ही शेवटची जागा.

म्हणून माझं मागणं एकच आहे. औषध देणाऱ्याने देण्यापूर्वी थांबावं आणि शंका आली तर विचारावं. ज्याला विचारलं त्याने रागावू नये. बाकीच्या सगळ्यांनी त्या थांबण्यासाठी तिला दोन मिनिटं शांतपणे द्यावीत.

मी नर्सिंगच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. नव्या तुकडीत कुणीतरी हमखास विचारतं, “मॅडम, ऑर्डर तर डॉक्टरच देतात, मग एवढं सगळं आम्ही कशाला शिकायचं?” मुलांनो, याचं उत्तर एकदा मनात पक्कं करा. औषध शरीरात गेल्यावर काय करतं हे ठाऊक नसेल, तर काय विचारायचं हेच सुचत नाही. शंका येण्यासाठीसुद्धा आधी माहिती लागते. औषधशास्त्र त्यासाठी आहे. परीक्षेतले गुण त्याच्यामागून येतात.

शिरेतलं औषध परत येत नाही

तोंडाने घेतलेली गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात शोषली जाते आणि आधी यकृतातून जाते. काही औषधांचा मोठा भाग यकृत तिथेच निकामी करून टाकतं. छातीत दुखल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती याचसाठी, म्हणजे यकृताचा फेरा चुकवून औषध थेट रक्तात जातं. शिरेतून दिलेल्या औषधाला शोषणाची पायरीच नसते. दिलेला सगळाच्या सगळा डोस रक्तात पोचतो आणि काही क्षणांत हृदयाला, मेंदूला भिडतो. पुढे त्याचं विघटन मुख्यतः यकृत करतं आणि ते बाहेर टाकण्याचं काम बहुतांशी मूत्रपिंडं करतात.

आता यातून खाटेशेजारी उभं राहिल्यावर कोणते प्रश्न सुचायला हवेत ते पाहा. पेशंटची मूत्रपिंडं अधू आहेत का? मग जेंटामायसीनसारखं औषध साचत जाईल आणि कानाला, मूत्रपिंडालाच आणखी इजा करील. क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिलाय का? राइल्स ट्यूबमधून द्यायची गोळी हळूहळू विरघळणारी आहे का? ती कुटून दिली तर दिवसभराचा डोस एकदम सुटेल. डिगॉक्सिन द्यायचंय, तर छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजलेत का? प्रौढ माणसात ते ६० च्या खाली असतील तर गोळी हातात ठेवून आधी डॉक्टरांना फोन करायचा. यातला एकही प्रश्न उद्धटपणाचा नाही. हे तुमचं कामच आहे.

आपल्या वॉर्डात रोज दिसणारे तीन धोके

पहिला धोका इन्सुलिनचा. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळतं. कुपीतलं बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतं आणि पेनच्या काडतुसातलं १०० युनिट. त्यानुसार सिरिंजही दोन प्रकारच्या असतात, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. ट्रेमध्ये दोन्ही एकत्र पडल्या की घात होतो. पेशंटला २० युनिट द्यायचेत आणि कुणी घाईत १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अर्धा मिलिलिटर भरला जातो आणि त्यात ५० युनिट असतात. म्हणजे अडीचपट डोस. अंगाला दरदरून घाम, हात थरथरणं, भान जाणं आणि वेळीच साखर मिळाली नाही तर मेंदूला कायमची इजा. उलट चूक झाली, ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये भरलं, तर २० ऐवजी ८ युनिटच जातात आणि साखर चढत राहते. म्हणून कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशेजारी धरून मोठ्याने वाचा. पेनच्या काडतुसात सिरिंज खुपसून इन्सुलिन काढायची सवय जिथे असेल तिथे ती आजच बंद करा.

दुसरा धोका लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा. पॅरासिटामॉलचा तोंडाने द्यायचा डोस साधारण किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतो. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम लिहिलंय असं समजा. बाजारात या औषधाचं एक सिरप ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचं आहे, दुसरं ५ मिलिलिटरला २५० चं, आणि थेंबांची बाटली एका मिलिलिटरला १०० ची. तोच १५० मिलिग्रॅमचा डोस पहिल्यात ६ मिलिलिटर होतो, दुसऱ्यात ३ आणि थेंबांमध्ये दीड. आईला नुसतं “एक चमचा द्या” म्हणून घरी पाठवलं आणि तिने थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातील. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या बाटलीत एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं. तिथे ५० मिलिग्रॅमच्या ऐवजी ५० मिलिलिटर सोडलं गेलं तर डोस दहापट होतो. ही गफलत जगभरात झालेली आहे, आणि ती बाळाच्या यकृतावर बेतते. म्हणून मिलिग्रॅम आणि मिलिलिटर हे दोन शब्द कधीही गिळू नका. डोस सांगताना दोन्ही सांगा, आणि आईकडून मापाच्या टोपणात एकदा भरून दाखवून घ्या.

गणिताची भीती वाटते म्हणून कुणी मागे राहू नये, सूत्र एकच आहे. हवा असलेला डोस भागिले हातातल्या औषधाची ताकद, गुणिले ते औषध ज्या आकारमानात आहे ते. कागदावर करा. उत्तर आलं की ते शहाणपणाला पटतं का ते पाहा. एका डोससाठी चार अँप्यूल फोडायला लागत असतील किंवा दहा गोळ्या मोजायला लागत असतील, तर हिशेब किंवा ऑर्डर यांपैकी काहीतरी चुकलंय असं धरून चाला. मग दुसऱ्या कुणाला तरी, तुमचं उत्तर न दाखवता, तोच हिशेब करायला सांगा. उत्तर दाखवून विचारलं की समोरचा मान डोलावतो, तपासत नाही.

तिसरा धोका पोटॅशियम क्लोराइडचा. त्याच्या १० मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये दीड ग्रॅम, म्हणजे सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे साडेतीन ते पाच इतक्या अरुंद पट्ट्यात राहिलं तरच हृदयाचे ठोके नीट पडतात. ते अँप्यूल पातळ न करता शिरेतून ढकललं तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं. आणि दिसायला ते डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखंच असतं, पारदर्शक, तेवढ्याच आकाराचं. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला हात पुढे करावा आणि शेजारचं अँप्यूल उचललं जावं, इतकी ही चूक सोपी आहे. पोटॅशियम नेहमी सलाईनमध्ये पातळ करून, मिसळून, ठरलेल्या गतीनेच द्यायचं असतं. “पुश” हा शब्द त्याच्यासोबत ऐकलात तर हात थांबवा, ऑर्डर कुणाचीही असो.

हेपॅरिनचंही असंच आहे. पाच मिलिलिटरच्या एका व्हायलमध्ये ५,००० युनिट असतात आणि तशाच दुसऱ्या व्हायलमध्ये २५,०००. प्रसूतिगृहात ऑक्सिटोसिन आणि मेथरजिन ही दोन्ही इंजेक्शनं फ्रिजमध्ये शेजारीशेजारी असतात. पहिलं बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला जवळजवळ प्रत्येकीला चालतं, दुसरं रक्तदाब वाढलेल्या बाईला दिलं तर तिचा जीव धोक्यात येतो. डोपामीन आणि डोब्युटामीन, विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही नावं बोलताना सारखी वाटतात, कामं वेगळी. मेथोट्रेक्सेट सांधेदुखीसाठी किंवा सोरायसिससाठी दिलेलं असेल तर आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चार्टवर ते रोजच्या रकान्यात उतरलं तर पेशंटची अस्थिमज्जा कोसळते. ही औषधं आपल्या वहीत लाल शाईने लिहून ठेवा.

उपकेंद्रातली एकटी सिस्टर

मोठ्या रुग्णालयात विचारायला कुणीतरी असतं. गावच्या उपकेंद्रात एएनएम ताई एकटी असते. आठव्या-नवव्या महिन्यातली बाई झटके येऊन दारात आणली जाते. अशा वेळी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन मगच तिला पुढे पाठवायचं, दोन्ही कुल्ल्यांत खोल स्नायूत पाच-पाच ग्रॅम, असं आपल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे दहा अँप्यूल फोडायची. हे दहा अँप्यूल बरोबर आहेत. मघाचा नियम इथे लागू पडत नाही, आणि का लागू पडत नाही हे औषध माहीत असेल त्यालाच कळतं.

मॅग्नेशियम नसेकडून स्नायूकडे जाणारा संदेश मंदावतं. त्यामुळे ते जास्त झालं तर आधी गुडघ्याचा झटका, म्हणजे गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणं, नाहीसा होतो आणि त्यानंतर श्वास मंद पडतो. म्हणून पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. गुडघ्याचा झटका येतोय का, श्वास मिनिटाला १६ किंवा अधिक आहे का, आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होतेय का, कारण मॅग्नेशियम लघवीतूनच बाहेर जातं. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं अँप्यूल हाताशी हवं. ज्या सिस्टरला हे कारण ठाऊक आहे, तिला ही यादी पाठ करावी लागत नाही. ती आपोआप बाईच्या गुडघ्याकडे आणि लघवीच्या पिशवीकडे बघते.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम आपल्याला अभिमानाने सांगितलं जातं. कोकणात विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती, तेव्हा त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने उपचार करून मृत्यू कमी करता येतात हे दाखवलं. या औषधाचा एक गुण मात्र खाटेजवळच्या माणसाने ओळखायला हवा. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर पेशंट उठून बसला किंवा उभा राहिला तर रक्तदाब एकदम घसरू शकतो. म्हणून पेशंटला आडवंच ठेवायचं, आणि पेशंट लहान मूल असेल तर त्याला कडेवर उचलून मिरवायचं नाही, हे त्याच्या आईबापाला समजावून सांगायचं. उपचार शोधणारे डॉक्टर असतील, पण तो सुरक्षित ठेवणारी नजर तुमची आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे मागणं

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच हक्क तुम्ही पहिल्याच महिन्यात लिहून काढता. आता ते वॉर्डात कसे पाळायचे ते सांगते.

पेशंटला “तुम्ही पाटीलकाकू ना?” असं विचारू नका. अर्धवट गुंगीतली, कमी ऐकू येणारी किंवा भिडस्त बाई कशालाही हो म्हणते. “काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा” असं म्हणा आणि ते केस पेपरवरच्या नावाशी आणि नोंदणी क्रमांकाशी ताडून बघा. खाटेच्या नंबरावर कधीही विसंबू नका. रात्रीत खाटा बदलतात.

औषध तीनदा वाचा. कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि पेशंटला देण्याआधी. अँप्यूलचा रंग ओळखीचा वाटला म्हणून वाचल्याशिवाय फोडू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो.

दुसऱ्याने भरलेली सिरिंज देऊ नका. भरलेल्या सिरिंजवर औषधाचं नाव, डोस आणि वेळ लिहिलेली चिकटपट्टी नसेल तर ती टाकून द्या. “सिस्टर म्हणाल्या हे देऊन ये” हे कारण कोणत्याही चौकशीत आणि तुमच्या स्वतःच्या मनातही टिकणार नाही.

अँटिबायोटिक देण्याआधी ॲलर्जीचा प्रश्न आपणहून विचारा, पेपरवर लिहिलेलं असलं तरी. पहिल्या मात्रेनंतर पेशंटजवळ थांबा. अंगावर पित्त उठलं, आवाज बसला, श्वास घरघरू लागला की आधी मदतीला हाक मारा आणि इमर्जन्सी ट्रेमधलं ॲड्रेनॅलिन पुढे करा. प्रौढांसाठी ते अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. आपल्या वॉर्डात तो ट्रे कुठे आहे हे पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी, पहिल्या तासात बघून ठेवा.

कोणती औषधं एकत्र येऊ शकत नाहीत ते विचारून घ्या. फेनिटोइन डेक्स्ट्रोजमध्ये टाकलं तर त्याचे स्फटिक होतात, ते नॉर्मल सलाईनमध्येच द्यावं लागतं. सेफ्ट्रिॲक्सोन आणि कॅल्शियम असलेलं रिंगर लॅक्टेट एका लाईनमधून एकाच वेळी जाऊ नये.

तोंडी किंवा फोनवरची ऑर्डर आली तर ती लिहून घ्या आणि वाचून दाखवा. “सर, परत सांगते, अमुक इंजेक्शन, इतके मिलिग्रॅम, शिरेतून, आत्ता एकदाच. बरोबर?” आकडा सुटा करून सांगा, पंधरा आणि पन्नास फोनवर सारखे ऐकू येतात. दिलं की लगेच नोंद करा. देण्याआधी नोंद करून ठेवायची नाही, आणि ड्युटी संपताना आठवून आठवून भरायची तर नाहीच.

आणि ज्या औषधाबद्दल काहीच माहीत नाही, ते देऊ नका. “मला हे औषध माहीत नाही, आधी वाचते” असं म्हणणारी विद्यार्थिनी माझ्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाची आहे.

इनचार्ज सिस्टर आणि शिक्षकांनो

तुमच्या वॉर्डात तीस-चाळीस पेशंट, दोन सिस्टर आणि कागदांचा ढीग असतो, हे मला ठाऊक आहे. तरीही विद्यार्थिनीने प्रश्न विचारल्यावर “एवढंही येत नाही?” हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ज्या मुलीला एकदा सगळ्यांसमोर असं ऐकावं लागतं, ती पुढच्या वेळी गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्याची किंमत पेशंट मोजतो. विद्यार्थ्यांना मनुष्यबळाची भर म्हणून वापरू नका. त्यांनी औषध द्यायचं ते तुमच्या नजरेसमोर. औषधशास्त्राचा तास अधूनमधून ट्रॉलीजवळ घ्या. वॉर्डातल्याच पाच व्हायल घेऊन त्यांच्यावरचे आकडे वाचायला लावा.

डॉक्टर मंडळींनो

औषधं जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ सालीच केला आहे. तो पाळा. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. त्याचं एकाक्षरी इंग्रजी रूप शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य घाला, आणि पाच मिलिग्रॅमनंतर दशांश शून्य लावू नका. ते टिंब पुसट झालं की पाचाचे पन्नास होतात. सिस्टर रात्री दोन वाजता फोन करून विचारते तेव्हा ती तुमचीच मदत करत असते. तिला धन्यवाद द्या. तुमच्या एका शब्दाने त्या वॉर्डातली पुढची दहा माणसं विचारायला धजावतील.

रुग्णालय चालवणाऱ्यांनो

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली. अशा चुकांचा जगाला वर्षाला ४,२०० कोटी डॉलरचा फटका बसतो, असा तिचा अंदाज होता. पण तुमच्या रुग्णालयात करायच्या गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल साध्या वॉर्डांच्या कपाटांतून हलवा, जिथे ठेवावीच लागतील तिथे वेगळ्या कुलूपबंद डब्यात लाल पट्टी लावून ठेवा. इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंज एका वॉर्डात ठेवू नका. नावाने किंवा रूपाने सारखी औषधं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. आणि सिस्टरांच्या रिकाम्या जागा भरा. बाकीचे उपाय त्याशिवाय तोकडे पडतात.

औषधाच्या वेळी सिस्टरला हाक मारणं थांबवा. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांना औषधं देताना प्रत्यक्ष शेजारी उभं राहून पाहिलं गेलं, ४,००० हून अधिक वेळा. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात दिसलं की प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतं. औषधांच्या वेळी फोन दुसऱ्या कुणीतरी उचलावा, डिस्चार्जचे कागद थांबावेत, राउंड आणि ट्रॉली एकाच वेळी येऊ नयेत. एवढं वेळापत्रक बसवणं तुमच्या हातात आहे.

चूक झालीच तर

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात २०१७ साली एका परिचारिकेने औषधांच्या यांत्रिक कपाटात गुंगीच्या औषधाच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. बाहेर आलं व्हेक्युरोनियम, सगळे स्नायू लुळे पाडणारं औषध. हवं होतं ते औषध द्रवरूप असतं, हे पावडरच्या रूपात होतं आणि पातळ करावं लागलं. झाकणावर इशाराही छापलेला होता. पेशंट बाई दगावल्या. परिचारिकेने आपली चूक स्वतः सांगितली. २०२२ साली तिच्यावर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला. तेव्हा जगभरच्या परिचारिका हळहळल्या, आणि त्यांच्या मनात भीतीही बसली की आता चूक झाली तर कुणी तोंड उघडेल का?

आपल्याकडे ती भीती आधीपासूनच आहे. ती घालवा. चूक कळताक्षणी सांगितली तर बहुतेक वेळा उपाय असतो. हेपॅरिनला प्रोटामीन आहे, पॅरासिटामॉलला एन-ॲसिटिलसिस्टीन आहे, मॉर्फीनला नॅलॉक्झोन आहे, इन्सुलिनला ग्लुकोज आहे. हे सगळे उतारे वेळेवर अवलंबून आहेत. लपवलेल्या चुकीला उतारा नाही. मुद्दाम बेपर्वाई करणाऱ्यावर कारवाई जरूर व्हावी, पण थकव्यात, सारख्या दिसणाऱ्या अँप्यूलमुळे झालेली चूक स्वतःहून सांगणाऱ्याला नोटीस देऊन कुणाचाच जीव वाचत नाही. ‘कुणी केलं’ याच्या आधी ‘पेशंट कसा आहे’ आणि ‘हे पुन्हा कसं टळेल’ हे प्रश्न विचारा.

औषधच दूषित निघालं, तर तेही खाटेशेजारीच पहिल्यांदा दिसतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरॉल दिलं गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या सिरपनंतर याच विषाने दगावली, त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. दोन्ही वेळा खूण एकच होती, लघवी कमी होणं. म्हणून विद्यार्थ्यांनो, इनटेक-आउटपुटचा चार्ट अंदाजाने भरू नका. एकाच औषधानंतर दोन पेशंटची लघवी कमी झाली तर ते लगेच बोला, आणि बाटलीचा बॅच नंबर जपून ठेवा.

भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. डॉक्टरांइतकाच सिस्टरांनाही तिथे कळवण्याचा अधिकार आहे, आणि सामान्य नागरिकालाही. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक आहे. तो वॉर्डाच्या भिंतीवर लावा.

नातेवाईकांनो, तुम्हीही

पेशंट घरी कोणकोणती औषधं घेतो ते पट्ट्यांसकट घेऊन या. आयुर्वेदिक चूर्ण, वैदूचा काढा, मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी, सगळं सांगा. कशाची ॲलर्जी असेल तर ती दर नव्या ड्युटीला पुन्हा सांगा. औषध देताना “हे काय आहे, कशासाठी आहे?” असं शांतपणे विचारा. तो तुमचा हक्क आहे. मात्र सिस्टर औषध मोजत असताना सलाईन संपल्याची, चादरीची, डिस्चार्जची हाक मारू नका. श्वास किंवा शुद्ध यांची तक्रार असेल तर अवश्य ओरडा. बाकीचं दोन मिनिटांनी. सलाईनची गती स्वतः वाढवू नका, कमी करू नका, आणि घरून आणलेली गोळी न विचारता देऊ नका.

आजपासून

दर वर्षी १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन येतो. त्या दिवशी रांगोळ्या आणि पोस्टरं होतील, ती होऊ द्या. पण त्याची वाट पाहू नका. प्रत्येक वॉर्डाने आज तीन कामं करावीत. पोटॅशियमची अँप्यूल वेगळी करा. इन्सुलिनच्या सिरिंज आणि कुप्या जुळवून घ्या. आणि रात्रपाळीच्या हँडओव्हरला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, की या वॉर्डात औषधाबद्दल शंका विचारणाऱ्याला कुणी रागावणार नाही. इनचार्ज सिस्टरने हे सांगावं, आणि डॉक्टरांनी तिथे उभं राहून त्याला हो म्हणावं.

मुलींनो, मुलांनो, तुमच्या पुढच्या औषधाच्या वेळी काही खटकलं तर ट्रे खाली ठेवा आणि विचारा. समोर मोठी सिस्टर असो, हाउसमन असो की नावाजलेले सर्जन. उत्तर मिळेपर्यंत औषध देऊ नका. समोरचा चिडला तर ते आम्ही शिक्षक निस्तरू. पेशंटच्या बाजूने उभं राहायचं काम तुमचं आहे, आणि ते तुम्ही आजच सुरू करा.